विश्वाविषयीची पुस्तके : कोणते आधी, कोणते नंतर आणि का

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ बँकेत नोकरी करतात, शिक्षण वाणिज्य शाखेचे, वय पंचेचाळिशीच्या आसपास. विश्वाची उत्पत्ती, कृष्णविवरे, काळ या विषयांचे त्यांना जुने कुतूहल आहे. त्यापोटी त्यांनी स्टीफन हॉकिंग यांचे ‘अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम’ दोनदा हाती घेतले आणि दोन्ही वेळा तिसरे प्रकरण येण्याआधीच मिटून ठेवले. गणित न येणाऱ्याने या विषयावरची पुस्तके कोणत्या क्रमाने वाचावीत, जुनी पुस्तके वाचण्यात काही अर्थ आहे का, मराठीत काय आहे आणि आठवीतल्या मुलीसाठी काय घ्यावे, असे त्यांचे चार प्रश्न आहेत. मी तीस वर्षे महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवले आणि त्यांपैकी जवळजवळ वीस वर्षे आमच्या गावच्या वाचनालयात महिन्यातून एकदा विज्ञानवाचनाचा गट चालवला. या गटात शिक्षक, किराणा दुकानदार, निवृत्त तलाठी, गृहिणी असे सगळे येत. पुढचे उत्तर त्यांनी कुठे पुस्तक सोडले आणि कुठे ते हातातून खाली ठेववेना, या अनुभवावर आधारलेले आहे.

आधी त्या अर्धवट राहिलेल्या पुस्तकाविषयी. १९८८ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक लंडनच्या ‘संडे टाइम्स’च्या खपाच्या यादीत २३७ आठवडे होते, आणि ते पूर्ण न वाचलेल्यांची संख्या वाचलेल्यांहून मोठी असावी, असा विनोद जगभर केला जातो. पुस्तकात घातलेल्या प्रत्येक समीकरणागणिक खप निम्म्याने घटेल, असे हॉकिंग यांना कोणीतरी बजावले होते. म्हणून त्यांनी आइन्स्टाइनचे एकच प्रसिद्ध समीकरण ठेवले आणि बाकी सगळी गाळली. मात्र समीकरणे गाळल्याने कल्पनांची दाटी कमी झाली नाही. पहिले प्रकरण ॲरिस्टॉटल, कोपर्निकस, न्यूटन अशा ओळखीच्या नावांमधून आपल्याला सहज पुढे नेते, आणि दुसऱ्याच प्रकरणात अवकाश व काळ एकत्र करून काढलेली प्रकाशशंकूची, म्हणजे एका घटनेतून निघालेला प्रकाश केव्हा कुठपर्यंत पोचतो हे दाखवणारी, आकृती समोर उभी राहते. ही आकृती पदवीच्या विद्यार्थ्यांना समजावून द्यायलाही मला दोन तास लागत. आमच्या गटातले बहुतेक वाचक नेमके तिथेच थांबले, तेव्हा आपण थांबलात यात आपल्या वाणिज्य शाखेचा काही दोष नाही. ते पुस्तक उत्तमच आहे, पण ते पाचवे किंवा सहावे म्हणून वाचावे.

मग पहिले कोणते? त्यासाठी मी एकच कसोटी लावतो. विश्वाविषयीच्या पुस्तकांत थक्क करणाऱ्या आकड्यांची कमतरता कधीच नसते. विश्वाचे वय १३८० कोटी वर्षे, देवयानी दीर्घिकेचे, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच ताऱ्यांच्या एका प्रचंड समूहाचे, अंतर २५ लाख प्रकाशवर्षे, विश्वातला नेहमीचा पदार्थ जेमतेम ५ टक्के आणि उरलेले कृष्णद्रव्य व कृष्ण ऊर्जा. हे आकडे वाचून वाचक दिपतो, चार जणांना सांगतो आणि महिन्याभरात विसरतो. ‘हे कळले कसे?’ या प्रश्नाचे उत्तर जे पुस्तक देते, त्यातले मात्र सहसा विसरले जात नाही, कारण त्यात एकाला धरून दुसरी पायरी येते. म्हणून पुस्तकांच्या दुकानात उभ्याउभ्या करता येईल अशी एक परीक्षा मी सांगतो. मागच्या सूचीतून देवयानी दीर्घिकेचा, म्हणजे इंग्रजी पुस्तक असेल तर ‘अँड्रोमीडा’चा, उल्लेख शोधावा आणि ते पान उघडावे. तिथे नुसते अंतर दिले असेल तर पुस्तक परत ठेवावे. ते अंतर कोणी, कशाच्या आधारे मोजले हे सांगितले असेल, तर पुस्तक घरी न्यायला हरकत नाही.

ही परीक्षा मी देवयानीवरच का बेतली, ते थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण या विषयाचा सगळा कणा त्या एका मोजमापात आहे. हार्वर्ड वेधशाळेत काचेच्या छायाचित्रपट्ट्यांवरच्या ताऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या हेन्रिएटा लेविट यांनी लहान मॅगेलनिक मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतल्या २५ चंचल ताऱ्यांचा अभ्यास करून १९१२ साली दाखवले की, सेफीड जातीचा तारा जितका अधिक तेजस्वी, तितका त्याचा उजळण्या-मंदावण्याचा काळ अधिक लांब. म्हणजे तारा किती दिवसांनी पुन्हा उजळतो एवढे घड्याळ लावून पाहिले की त्याचे खरे तेज कळते, आणि खरे तेज व दिसणारे तेज यांच्या तुलनेतून अंतर निघते. दूरवरच्या कंदिलाची वात किती मोठी आहे हे ठाऊक असेल तर तो किती लांब आहे याचा अंदाज घेता येतो, तसाच हा प्रकार. १९२० साली अमेरिकेत दोन नामवंत खगोलशास्त्रज्ञांचा जाहीर वाद झाला होता, की देवयानीसारखे आकाशातले सर्पिल तेजोमेघ आपल्याच आकाशगंगेत आहेत की तिच्या बाहेर. त्या दिवशी निकाल लागला नाही. १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये एडविन हबल यांना देवयानीत एक सेफीड तारा सापडला, त्याच्या स्पंदनकाळावरून अंतर सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षे निघाले आणि देवयानी ही स्वतंत्र दीर्घिका ठरली. आपण वर वाचले ते अंतर २५ लाख होते. मग हबल चुकले का? चुकले, आणि त्या चुकीचा माग ज्यात आहे ते पुस्तक मला विशेष प्रिय आहे. सेफीड तारे दोन प्रकारचे असतात हे त्या काळी माहीत नव्हते. वॉल्टर बाडे यांनी १९५२ साली ते जाहीर केले तेव्हा देवयानीचे अंतर एकदम दुपटीच्या घरात गेले आणि त्याबरोबर विश्वाचे वयही वाढले. त्याआधी हबलच्या आकड्यांवरून विश्वाचे वय जेमतेम २०० कोटी वर्षे निघत होते, आणि पृथ्वीवरचे खडक त्याहून म्हातारे होते. आईपेक्षा लेक वयाने मोठी, अशी ती अवस्था होती.

ही सगळी कथा सलग, पायरीपायरीने आणि गणिताशिवाय सांगणारे माझ्या माहितीतले सर्वांत चांगले इंग्रजी पुस्तक म्हणजे सायमन सिंग यांचे २००४ सालचे ‘बिग बँग’. नाव भडक आहे, पण ग्रंथ संयमी आहे. इरॅटोस्थेनिस यांनी सावलीवरून पृथ्वीचा परीघ कसा मोजला, तिथपासून ते सुरू होते आणि विश्वाच्या पार्श्वभूमी प्रारणाच्या, म्हणजे तप्त आरंभापासून उरून सगळीकडे पसरलेल्या मंद प्रारणाच्या, शोधापर्यंत येते. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी विद्यार्थ्याच्या वहीसारखी हाताने लिहिलेली टिपणे आहेत. त्यांच्याकडे पोरकट म्हणून दुर्लक्ष करू नये, कारण पुढच्या रविवारी पुस्तक पुन्हा उघडताना त्यांचाच आधार होतो. आपले इंग्रजी बँकेच्या परिपत्रकांपुरते असले तरी हे पुस्तक आपल्याला झेपेल. आपल्याला पहिले पुस्तक म्हणून मी हेच सुचवेन.

मराठीत सुरुवात करायची असेल तर जयंत नारळीकर यांच्या ‘आकाशाशी जडले नाते’पासून करावी. मराठी वाचकाला नारळीकर मुख्यतः विज्ञानकथांमुळे माहीत असतात. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला १९७४ साली त्यांनी आपली पहिली कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने, म्हणजे आपली आद्याक्षरे उलटी करून, पत्नीच्या हस्ताक्षरात पाठवली होती, ही आठवणही बहुतेकांनी ऐकलेली असते. पण विश्वरचनेच्या शास्त्रात त्यांची जागा वेगळी होती, आणि त्यांची पुस्तके वाचताना ती माहीत असणे आवश्यक आहे. फ्रेड हॉइल, हर्मन बाँडी आणि टॉमस गोल्ड यांनी १९४८ साली मांडलेल्या स्थिर स्थिती सिद्धांतानुसार विश्वाला आरंभ नाही. ते प्रसरण पावते आणि मधल्या जागेत नवा पदार्थ अत्यंत सावकाश निर्माण होत राहतो. नारळीकर हे केंब्रिजमध्ये हॉइल यांचे विद्यार्थी. १९६५ साली पार्श्वभूमी प्रारणाचा शोध जाहीर झाल्यावर बहुतेक शास्त्रज्ञ विश्वाला तप्त आरंभ होता असे मानणाऱ्या महास्फोटाच्या (‘बिग बँग’) सिद्धांताकडे वळले, तरी नारळीकरांनी आपला आक्षेप सोडला नाही आणि १९९३ साली हॉइल व जेफ्री बर्बिज यांच्यासह त्या सिद्धांताची सुधारलेली आवृत्ती मांडली. तिच्यात पार्श्वभूमी प्रारणाचा उगम ताऱ्यांच्या प्रकाशात दाखवला होता, आणि तो प्रकाश शोषून पुन्हा बाहेर टाकण्याचे काम लोहाच्या सूक्ष्म सुयांकडे सोपवले होते. आज बहुसंख्य विश्वशास्त्रज्ञ हे स्पष्टीकरण मान्य करत नाहीत, कारण त्या प्रारणातले बारीक चढउतार महास्फोटाच्या चित्राशी फार काटेकोरपणे जुळतात.

यावरून नारळीकरांची पुस्तके बाजूला ठेवावीत असे कोणी समजू नये. माझे मत याच्या अगदी उलट आहे. ताऱ्यांचा जन्म, त्यांचे आयुष्य, कृष्णविवरे, दीर्घिका यांविषयी त्यांनी जे लिहिले आहे, ते मराठीत दुसऱ्या कोणी इतक्या नेमकेपणाने लिहिले नाही. आणि विश्वाच्या आरंभाविषयी ते जेव्हा शंका घेतात, तेव्हा सर्वमान्य मताच्या कोणत्या सांध्यावर बोट ठेवता येते, हे मुळातून शिकलेल्या माणसाकडून आपल्याला समजते. वाचकाने फक्त एवढे लक्षात ठेवावे की त्या विशिष्ट प्रकरणात आपण वादातल्या एका बाजूचे म्हणणे ऐकतो आहोत. ‘बिग बँग’ आणि नारळीकर लागोपाठ वाचले, तर दोन वकिलांची बाजू ऐकल्यासारखे होते. त्यातली गंमत अशी की ‘बिग बँग’ हा शब्दच मुळी त्या कल्पनेच्या विरोधकाने, म्हणजे हॉइल यांनी, १९४९ साली बीबीसीच्या रेडिओवरील व्याख्यानात पहिल्यांदा वापरला. नारळीकरांचे आत्मचरित्र ‘चार नगरांतले माझे विश्व’ हे त्यानंतर घ्यावे. बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे या चार शहरांतून जाणाऱ्या या ग्रंथाला २०१४ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातली केंब्रिजची प्रकरणे म्हणजे शास्त्रज्ञ प्रत्यक्षात भांडतात कसे, याचा उत्तम नमुना आहे.

जुन्या पुस्तकांचा प्रश्न महत्त्वाचा आहे. कोणतेही पुस्तक हातात घेतल्यावर मी मुखपृष्ठाआधी पहिल्या आवृत्तीचे वर्ष पाहतो. या विषयात ते औषधाच्या बाटलीवरच्या तारखेइतके महत्त्वाचे आहे. १९६५ च्या आधीचे पुस्तक असेल तर त्यात पार्श्वभूमी प्रारण नसणार. १९९२ च्या आधीचे असेल तर ‘कोबे’ या उपग्रहाने त्या प्रारणात दाखवलेले लाखात एक भागाचे चढउतार, ज्यांतून पुढे दीर्घिका घडल्या, ते नसणार. १९९८ ही सर्वांत ठळक सीमारेषा. त्या वर्षी अतिनवताऱ्यांच्या, म्हणजे स्फोट होऊन उजळलेल्या ताऱ्यांच्या, निरीक्षणांतून दोन गटांनी दाखवले की विश्वाचे प्रसरण मंदावत नसून वेग घेत आहे; त्याआधीची सगळी पुस्तके हे प्रसरण कधीतरी थांबून उलटे फिरेल का, या प्रश्नाभोवती पाने खर्च करतात. गुरुत्वीय लहरी प्रत्यक्ष सापडल्या १४ सप्टेंबर २०१५ रोजी, कृष्णविवराच्या सावलीचे पहिले चित्र आले २०१९ च्या एप्रिलमध्ये, आणि जेम्स वेब दुर्बिणीची पहिली चित्रे २०२२ च्या जुलैत. हॉकिंग यांच्या १९८८ च्या आवृत्तीत विश्वाचे वय एक हजार ते दोन हजार कोटी वर्षे असे मोघम दिले आहे, यात त्यांचा निष्काळजीपणा नव्हता. त्या काळी तेवढेच ठाऊक होते.

तरीही एक जुने पुस्तक मी प्रत्येकाच्या हातात देतो, ते म्हणजे स्टीव्हन वाइनबर्ग यांचे १९७७ सालचे ‘द फर्स्ट थ्री मिनिट्स’. विश्वाच्या पहिल्या तीन-पावणेचार मिनिटांत काय घडले, ते चित्रपटाच्या एकेका चौकटीसारखे थांबवून त्यांनी दाखवले आहे. पहिल्या चौकटीत काळ एक शतांश सेकंद आणि तापमान दहा हजार कोटी अंश. मग विश्व थंड होत जाते, आणि अखेरीस प्रोटॉन व न्यूट्रॉन एकत्र येऊन हेलियमची केंद्रके बनतात. विश्वातल्या नेहमीच्या पदार्थाच्या वजनाचा सुमारे चतुर्थांश भाग हेलियम का आहे, याचा जमाखर्च त्यात मांडलेला आहे, आणि बँकेतल्या माणसाला तो ताळेबंद नक्की आवडेल. गणित पुस्तकाच्या शेवटी वेगळ्या पुरवणीत टाकलेले असल्यामुळे ते सोडून दिल्याने काही बिघडत नाही.

या पुस्तकातले सहावे प्रकरण तर मी गटात दोनदा मोठ्याने वाचून घेतले. रॅल्फ आल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी १९४८ सालीच असे गणित मांडले होते की, विश्व एके काळी तप्त होते तर त्या उष्णतेचा अवशेष आजही सुमारे पाच अंश केल्विन तापमानाचे प्रारण म्हणून शिल्लक असला पाहिजे. ते शोधण्याची साधने उपलब्ध होण्याच्या बेतात होती, तरी कोणी मुद्दाम शोधले नाही. शेवटी न्यू जर्सीत टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन यांना त्यांच्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनात एक खरखर ऐकू येऊ लागली. ती जाईना म्हणून त्यांनी आतली पारव्यांची विष्ठासुद्धा साफ केली, आणि तरीही उरलेली ती खरखर म्हणजेच तो अवशेष निघाला. असे का झाले, याचा वाइनबर्ग यांनी घेतलेला शोध फार प्रामाणिक आहे. सिद्धांत मांडणारे आणि उपकरणे चालवणारे यांचे आपसांत बोलणे नव्हते, हे एक कारण ते देतातच. पण खरे कारण त्यांना असे वाटते की विश्वाची पहिली काही मिनिटे ही गंभीरपणे घेण्यासारखी गोष्ट आहे, यावर स्वतः शास्त्रज्ञांचाच विश्वास नव्हता. कागदावरच्या समीकरणाला खऱ्या जगाशी जोडायला त्यांचे मन धजेना. १९९८ चा शोध या पुस्तकात नाही, म्हणून ते शिळे झाले असे मी म्हणणार नाही.

कार्ल सेगन यांचे १९८० सालचे ‘कॉसमॉस’ आपल्याला कोणीतरी सुचवेलच, म्हणून त्याविषयी दोन गोष्टी. भाषेच्या ओघात त्याची बरोबरी करणारे पुस्तक मिळणे अवघड आहे, आणि ग्रहांविषयीचा त्यातला तपशील जुना झाला असला तरी ते वाचनीय आहे. मात्र अलेक्झांड्रियाचे प्राचीन ग्रंथालय आणि तिथली गणितज्ञ विदुषी हायपेशिया यांची जी कथा त्यात रंगवली आहे, ती इतिहासकारांना मान्य नाही. तो भाग नाट्य म्हणून वाचावा. दुसरी गोष्ट आपल्याकडची आहे. ब्रह्मदेवाच्या एका अहोरात्राची ८६४ कोटी वर्षे ही पौराणिक कालगणना आधुनिक आकड्यांच्या आसपास जाते, असे सेगन यांनी कौतुकाने नोंदवले आहे, आणि ते वाक्य मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांतून आपल्यापर्यंतही आले असेल. इथेही वरची कसोटीच लावावी. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे हे खडकांतल्या युरेनियमचे शिसे किती झाले यावरून काढले जाते, आणि तो हिशेब कोणालाही पुन्हा तपासता येतो. ८६४ कोटींच्या मागे युगांच्या कालावधीची बेरीज आणि गुणाकार आहे, निरीक्षण नाही. भव्य काळाची कल्पना करण्याचे धाडस आपल्या पूर्वजांनी केले याचा अभिमान जरूर बाळगावा, पण कल्पना आणि मोजमाप या दोन वेगळ्या खात्यांतल्या रकमा आहेत.

अलीकडच्या पुस्तकांपैकी केटी मॅक यांचे २०२० सालचे ‘द एंड ऑफ एव्हरीथिंग’ मला आवडले. विश्वाचा शेवट कोणकोणत्या पाच प्रकारे होऊ शकेल, हे त्यात सांगितले आहे आणि कोणत्या प्रकाराला किती पुरावा आहे, हेही लेखिका लपवत नाही. नील डग्रास टायसन यांचे ‘ॲस्ट्रोफिजिक्स फॉर पीपल इन अ हरी’ प्रवासात वाचावे. त्यातून फार काही हाती राहत नाही. ब्रायन ग्रीन यांच्या ‘द एलिगंट युनिव्हर्स’चा सापेक्षता व पुंज (क्वांटम) सिद्धांत समजावणारा सुरुवातीचा भाग उत्कृष्ट आहे, त्यापुढचा तंतू सिद्धांताचा (स्ट्रिंग थिअरीचा) भाग १९९९ साली जितका प्रयोगाच्या आधाराविना होता तितकाच आजही आहे. अनेक विश्वे, समांतर विश्वे अशी शीर्षके असलेली पुस्तके पहिली दोन वर्षे तरी घेऊ नयेत.

मराठी अनुवाद वाचायचे असतील तर शब्दांविषयी थोडी सावधगिरी हवी. मराठीत ‘आकाशगंगा’ म्हणजे आपली, रात्री पट्ट्यासारखी दिसणारी दीर्घिका, आणि ‘दीर्घिका’ ही त्या प्रकारच्या सगळ्या समूहांची जात. हिंदीत दोन्हींसाठी ‘आकाशगंगा’ चालते. हिंदीच्या प्रभावाने केलेल्या अनुवादात मग ‘आकाशगंगेपासून जवळची आकाशगंगा’ असले वाक्य येते आणि वाचक गोंधळतो. संख्यांच्या बाबतीत तर मी पेन्सिल घेऊनच बसतो. ‘बिलियन’ म्हणजे अब्ज, शंभर कोटी. ‘मिलियन’ म्हणजे दहा लाख. घाईघाईने केलेल्या अनुवादात ‘१३.८ बिलियन’चे ‘१३.८ कोटी’ झालेले मी पाहिले आहे. तसे असते तर डायनासोर विश्वाच्या आधी जन्मले असते. ‘महास्फोट’ हा शब्दही फसवा आहे, कारण त्यावरून रिकाम्या जागेत एका ठिकाणी सुतळी बाँब फुटल्याचे चित्र मनात उभे राहते. गटात मी इलॅस्टिकची पट्टी नेत असे. तिच्यावर समान अंतरावर बटणे शिवलेली. पट्टी ताणली की प्रत्येक बटणाला बाकीची बटणे आपल्यापासून दूर जाताना दिसतात. जे दुप्पट लांब ते दुप्पट वेगाने जाते, आणि मधले बटण कोणते हे ठरवता येत नाही. बटणे पट्टीवरून सरकत नाहीत, पट्टीच लांबते. एवढे ध्यानात आले की ‘ताम्रसृती’ हा शब्द भेटल्यावर अडखळायला होत नाही : वाटेतल्या प्रकाशाची लहरही त्या पट्टीबरोबर ताणली जाते आणि तांबड्याकडे झुकते.

मुलीसाठी आधी पुस्तक घेऊ नये. दिवाळीनंतरच्या एखाद्या अमावास्येच्या सुमारास तिला गावाबाहेर अंधारात न्यावे, शर्मिष्ठा या तारकासमूहाच्या दक्षिणेला देवयानीचा तो पुसट डाग साध्या द्विनेत्रीतून (बायनॉक्युलरमधून) दाखवावा, आणि हा प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघाला आहे एवढेच सांगून गप्प बसावे. ‘हे कसे मोजले?’ असे तिने स्वतः विचारले तर मोहन आपटे यांच्या ‘मला उत्तर हवंय!’ या प्रश्नोत्तरांच्या मालिकेतले खगोलशास्त्राचे पुस्तक तिच्या हाती द्यावे. आपटे मुंबईत पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते, आणि मुले नेमके काय विचारतात हे त्यांना ठाऊक होते. आकाश दाखवता दाखवता वाचकाला शास्त्रात ओढण्याची ही रीत मराठीला नवी नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘ज्योतिर्विलास’ लिहिले, त्याचे दुसरे नाव ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे होते. त्यातले शास्त्र आज जुने झाले आहे, पण भाषा अजून ताजी आहे. मुलगी नववी-दहावीत गेली की जॉर्ज गॅमॉव्ह यांच्या मिस्टर टॉम्पकिन्सची ओळख करून द्यावी, आणि ती देण्याआधी आपण स्वतः वाचावे, कारण हा टॉम्पकिन्स आपल्यासारखाच बँकेत कारकून आहे. सापेक्षतेवरच्या व्याख्यानात त्याला झोप लागते आणि तो स्वप्नात अशा गावी जातो, जिथे प्रकाशाचा वेग सायकलच्या वेगाहून थोडाच जास्त आहे आणि रस्त्यावरचा सायकलस्वार चपटा दिसतो.

एवढे झाल्यावर, साधारण वर्षाभराने, हॉकिंग पुन्हा काढावेत. पहिले प्रकरण झाले की थेट तिसऱ्यावर, विश्वाच्या प्रसरणावर जावे. ते आपल्याला आता ओळखीचे वाटेल. मग कृष्णविवरांवरची सहावे आणि सातवे ही प्रकरणे. आठव्यातल्या काल्पनिक काळाच्या कल्पनेपाशी अडलात तर पुढे जावे, मीही तिथे अनेकदा अडतो. नववे मात्र चुकवू नये : विश्व आकुंचन पावू लागले तर काळाची दिशा उलटी होईल, असे आपण आधी मानले होते आणि ते चुकीचे होते, असे हॉकिंग यांनी तिथे सरळ लिहिले आहे, आणि ती चूक कोणामुळे लक्षात आली हेही सांगितले आहे. दुसरे प्रकरण सर्वांत शेवटी घ्यावे. आमच्या गटातल्या निवृत्त तलाठ्यांनी तसेच केले. पुढच्या बैठकीला त्यांनी एका जुन्या सातबाऱ्याच्या कोऱ्या बाजूवर प्रकाशशंकू काढून आणला आणि मला म्हणाले, “सर, यात अवघड काय आहे? प्रकाश ही सर्वांत वेगाने पोचणारी नोटीस. माझी नोटीस ज्या गावाला ज्या दिवसापर्यंत पोचूच शकत नाही, त्या गावातल्या त्या दिवसाच्या फेरफाराला मी जबाबदार नाही. हा शंकू म्हणजे माझा तलाठी सज्जा.”